तीनशे बारा कुसुम

१

झाड चोरणाऱ्याची एक पंचाईत असते. सोनं नेलं तर मागे काही उरत नाही, बैल नेला तर फार तर शेण उरतं. पण झाड नेलं की खोड उरतं, भुसा उरतो, आणि त्या जागी एवढं आभाळ मोकळं होतं की आंधळ्यालाही चटका बसावा. वामनराव डाखोळे यांनी वनखात्यात चौतीस वर्षं काढली ती या खोडांच्या भरवशावर. ते राहत त्या नंदनवन वस्तीत बोलवा अशी, की खोड नुसतं चाटून ते चोराचं आडनाव सांगत. वामनराव स्वतः नम्रपणे म्हणत, "आडनाव नाही गा. तालुका."

जानेवारीतल्या एका सकाळी त्यांच्या फाटकाशी एक साठीची बाई उभी राहिली. कडेवर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. लांबून तान्हं लेकरू वाटावं.

"मी जिजाबाई जी. सिवनघाटची, खाप्याच्या पल्याड. तुमी फारेस्टात होते तवा आमच्या घरी ताक पिऊन गेले होते."

वामनरावांना ताक लगेच आठवलं. बाई आठवायला थोडा वेळ लागला.

"या ना वं. काय झालं?"

"चोरी झाली."

"काय गेलं?"

"झाडं. कुसुमाची."

"किती?"

"तीनशे बारा."

वामनरावांनी चहाची बशी खाली ठेवली. सेवानिवृत्तीला तेरा वर्षं झाली होती, आणि एवढी मोठी चोरी त्यांच्या वाट्याला नोकरीतही आली नव्हती.

"खोडं किती उरली?"

जिजाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "एकही नाई, साहेब."

२

कुसुम म्हणजे नाल्याकाठी वाढणारं दांडगं झाड. फाल्गुनात त्याला अशी लालभडक पालवी फुटते की नवखा माणूस पाण्याची बादली शोधायला धावतो. त्याच्या डहाळ्यांवर लाखेचे किडे बसतात. जिजाबाईंच्या सासूनं सिवनघाटच्या नाल्यावरच्या एक्केचाळीस कुसुमांवर लाख धरली, मग जिजाबाईंनी. मागच्या आठवड्यात ती एक्केचाळीसही झाडं जोडरस्त्यासाठी आडवी झाली होती. ती चोरी नव्हती. त्यासाठी रीतसर कागद होता.

तो कागद जिजाबाईंनी कमरेच्या पिशवीतून काढला. वामनरावांनी चष्मा चढवून वाचला: "सदर प्रजाती जिल्ह्यात विपुल असल्याने ४१ वृक्ष तोडण्यास हरकत नाही. सोबत नकाशा व ३१२ नोंदींची यादी."

"मंग म्या म्हटलं, आपली गेली तं गेली," जिजाबाई म्हणाल्या. "दुसरी तीनशे बारा हायेत ना. तोडाच्या आधी लाखेच्या डगाला, डहाळ्या कापून घेतल्या." त्यांनी फडकं उलगडलं. आत वीतभर लांबीच्या काड्यांच्या जुड्या होत्या, त्यांवर तपकिरी खरपुडी. "हे लाखेचं बी हाय जी. आत जीव हायेत. सात-आठ दिवसांत बाहेर पडतीन. कुसुमावर बांधलं तं जगतीन, नाई तं गेले."

"पळसावर बांधा."

"पळसाची लाख येगळी. ही कुसुमी. बांधून पाह्यली, उपाशी मेली पण परक्याच्या घरी जेवली नाई. आजूबाजूच्या कोणाकडंच हे बी नाई आता, साहेब. हे गेलं तं सासूच्या हातचं सपलं."

यादी घेऊन जिजाबाई नऊ गावं हिंडून आल्या होत्या. एकाही गावी झाड नव्हतं.

"मंग यादीच खोटी असन."

"शिक्का हाय ना जी त्याच्यावर. शिक्का कायले खोटं बोलन? झाडंच कोणी नेली असतीन."

वामनराव जरा ताठ बसले. "ह्या नकाशाच्या कामात मी बी होतो बरं. नकाशा काढणाऱ्या संस्थेनं बोलावलं होतं, जुना जाणकार म्हणून. एक तास सल्ला देल्ला, त्याईनं शाल-श्रीफळ देल्लं. नारळाची चटणी झाली, शाल आहे." शाल खुर्चीच्या पाठीवर होती, पाहुणा आला की ती तिथे यायची.

मग ते यादी वाचू लागले. चौथ्या नोंदीवर त्यांचं बोट थांबलं. ते गाव त्यांच्या सासुरवाडीचं होतं. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती आणि त्या गावात कुसुमाचं झाड कधीच नव्हतं.

३

संशयितांत पहिला मान धोंडबाचा. कामठी रोडवर त्याची आरागिरणी होती. वामनरावांनी त्याला आयुष्यात सहा वेळा पकडलं होतं आणि दर दिवाळीला त्याच्याकडून न चुकता फराळ येत असे.

"तीनशे बारा?" धोंडबा इतका हसला की गिरणीतला कामगार पट्टा थांबवून पाहू लागला. "साहेब, चोरले असते तं तुमच्या पाया पडून कबूल केलं असतं. तुमच्याशी खोटं बोललो की मले हागवण लागते, माहीत आहे ना तुमाले? अन् कुसुम म्हणजे लोखंड. सिवनघाटच्या एक्केचाळीस झाडाईत माह्या आरीच्या सात पात्या गेल्या. तीनशे बारा तोडाले टाटाचा कारखाना विकत घ्या लागन."

सिवनघाट त्यानंच तोडलं होतं. जिजाबाईंनी गिरणीच्या मागे रचलेले ओंडके पाहिले, आणि कडेवरची जुडी दुसऱ्या कडेवर घेतली. लेकराला काही दिसू नये तशी.

धोंडबाचं हसू ओसरलं. "खरं सांगू? ते यादी मले बी भेटली होती. लोभ सुटला. मीच पह्यले जाऊन आलो तिथी. एक झाड नाई. अन् जागा पाहा कुठच्या. सगळ्या भर वावरात, विहिरीच्या बाजूनं."

"कुसुम कुठी राहते गा?"

"नाल्याले. वावरात कोण ठेवन? सावलीखाली कापूस येते का? वावरात कुसुम असते, हे सांगणारा एक तं शहरातला असन, नाई तं..." त्यानं आवाज खाली आणला. "साहेब, म्या त्या विहिरींपाशी माणसं पाहिली. झाडाची चौकशी केली की ते हसत होते. काहून हसत होते, तेवढं शोधा."

४

संस्थेतली संशोधक डॉक्टर दामिनी पस्तिशीची, आवाजानं मऊ, आणि दोन वर्षांत झोप नीट न झालेली. भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता. जवळजवळ अर्धा जिल्हा लाल.

"लाल म्हणजे कुसुमाला मानवणारी जागा," ती म्हणाली. "काका, ज्या जागी झाड सापडलं त्या जागा मशीनला द्यायच्या. सोबत पाऊस, ऊन, माती, पाण्याची पातळी. मशीन त्यावरून शिकतं, की या झाडाला काय आवडतं. मग जिथे कोणी गेलेलंच नाही, तिथेही सांगतं, की इथे असेल."

"म्हणजे पोरीची आवड पाहून जावई ठरवणं."

"तसंच म्हणा."

"अन् ठरवलेला जावई जिताजागता आहे का, हे पाहाले कोण जाते?"

"जायचं असतं."

"गेलं कोण?"

दामिनीनं जिजाबाईंच्या कडेवरच्या फडक्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "मॉडेलला शंभरात चौऱ्याण्णव मिळाले होते," ती म्हणाली. "फार चांगलं आलं होतं."

"जागा कोणी देल्ल्या?"

"आमचा सर्वे करणाऱ्या हर्षितच्या ऑफिसनं. फोनवरून विचारून. सहाशे गावांत माणसं पाठवायला माणसं कुठे आहेत?"

वामनरावांनी मान हलवली. चौकशी करताना त्यांची एक खोड होती: माणूस बोलत असताना ते कागद पाहत. नकाशावर एका गावाभोवती पेन्सिलीचं बारीक वर्तुळ होतं, खोडरबरनं पुसलेलं, पण पूर्ण न गेलेलं. आणि हातातल्या यादीला, सरकारी रिवाजाप्रमाणे, प्रत्येक रकान्यावर आकडा होता. एक, अनुक्रमांक. दोन, गाव. तीन आणि चार, अक्षांश-रेखांश. त्यापुढे शेरा, तो सगळीकडे कोरा.

शेऱ्याच्या रकान्यावर आकडा होता सहा.

"बाई, पाचवा रकाना कुठी गेला?"

"टायपिंगची चूक असेल," दामिनी म्हणाली. पण तिनं ते पाहायच्या आधीच सांगितलं.

५

या सगळ्यात चार दिवस गेले. जिजाबाई खाप्याहून रोज पहिल्या बसनं येत आणि जुडी सोबत आणत, कारण घरी मुंग्या होत्या. फडकं त्या सारख्या ओलं करत. पाचव्या दिवशी एका खरपुडीवर सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं.

हर्षितचं ऑफिस सीताबर्डीवर तिसऱ्या मजल्यावर होतं. बारा मुली कानाला फोन लावून बोलत होत्या, प्रत्येकीच्या पुढ्यात डबा आणि वही. हर्षित अठ्ठावीसचा, गोरागोमटा, सगळ्यांना काकाजी म्हणणारा.

"काकाजी, आपण तर एकदम प्रॉपर काम केलं. जो प्रश्न आला तोच विचारला. ऐका." त्यानं कागद वाचला. "'नमस्कार, तुमच्या गावात कुसुम आहे का? किती आहेत? साइज काय? काही विशेष?' बस. लोकांनी इतकं मस्त उत्तर दिलं ना, बाकी कोणत्या सर्वेत देत नाहीत. कोणी कोणी तर आम्हालाच विचारे, आमची कधी येणार म्हणून."

"झाडाबद्दल विचारलं, की आमचं कधी येणार?"

"मला वाटलं, रोपं पाहिजेत त्यांना."

मूळ तक्ता त्याच्याकडे होता. तो त्यानं लपवला नाही. लपवण्यासारखं त्यात काही आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. पाचवा रकाना तिथे शाबूत होता: साइज. वामनरावांचं बोट खाली सरकू लागलं. तीन. पाच. पाच. साडेसात. तीन. साडेसात. पाच. पानामागून पान. शेऱ्यात कुठे 'तोंड दक्षिणेला', कुठे 'चोरीच्या भीतीनं कुंपण घातलं', तर एका ठिकाणी 'ढगाळ असलं की झोपते'.

चौतीस वर्षं झाडाला टेप लावलेला माणूस तो. तक्ता त्यांनी जिजाबाईंपुढे सरकवला.

"जिजाबाई," ते हळूच म्हणाले, "जगात असं कोणतं झाड आहे वं, जे फक्त तीन मापात येते? तीन, पाच, अन् साडेसात?"

जिजाबाई अक्षर वाचू शकत होत्या, आकडे त्याहून चांगले. त्यांनी तक्ता पाहिला.

"झाड नाई जी," त्या म्हणाल्या. "पंप."

६

सौर पंपाच्या योजनेचं नाव कुसुम. योजना पुढे आली, पंप मागून आला, आणि गावानं पंपालाच कुसुम म्हणायला सुरुवात केली. "यंदा आमची कुसुम आली." "कुसुम किती एचपीची?" तीन, पाच, साडेसात. तोंड दक्षिणेला, कारण ऊन तिकडून. वावरात, कारण विहीर तिथे. वामनरावांच्या काळी या नावाची एकच वस्तू होती आणि तिला पानं होती. तेरा वर्षं नंदनवनात बसलेल्या माणसाच्या कानावर दुसरी आलीच नव्हती.

मशीननं मात्र कसूर केली नव्हती. त्याला सांगितलं, हे झाड. ते मन लावून शिकलं, की या झाडाला भरपूर ऊन आवडतं, विहीर आवडते, कापसाची काळी माती आवडते. आणि अर्धा जिल्हा लाल केला. शंभरात चौऱ्याण्णव. पंपांच्या बाबतीत अगदी खरे.

हे सगळं वामनरावांनी दामिनीच्या खोलीत उभ्याउभ्याच सांगितलं.

"चोरी झालीच नाही. जे नव्हतं ते कोण चोरन? धोंडबानं चोरलं नाही, कारण खोड नाही. हर्षितनं लपवलं नाही, कारण त्यानं पाचवा रकाना माह्या हातात ठेवला. आता तुमच्या यादीत तो रकाना नाही. बाई, खोडायच्या आधी वाचा लागते. ज्यानं खोडला त्याले समजलं होतं. अन् समजल्यावर तो एकदा खात्री करायले गेला होता." त्यांनी नकाशावरच्या पुसट वर्तुळावर बोट ठेवलं.

दामिनी खुर्चीत बसली.

"दिवाळीत," ती म्हणाली. "एकाच गावी गेले. वावरात एक पाटी होती, निळी, चकचकीत. शेतकऱ्यानं मला चहा पाजला आणि म्हणाला, ही आमची कुसुम. परतताना बसमध्ये मी रडत होते की हसत, ते मलाच कळेना. अहवाल जाऊन महिना झाला होता. परत मागवला असता तर काम बंद, माझ्यासकट सात जण घरी. यादी मागून जायची होती, तिच्यातला रकाना काढला, शेरे पुसले. वाटलं, झाडाला हात लावायच्या आधी कोणीतरी जागेवर जाईलच. जातातच ना, काका?"

जिजाबाई पहिल्यांदाच तिच्याशी बोलल्या. "आमच्याकडं आले होते वं. पट्टा घेऊन. झाडं मोजाले नाई, रस्ता मोजाले."

वामनराव चौकशी संपल्यावर नेहमी टोपी घालत. त्यांनी ती हातात घेतली. "ठीक आहे. गुन्हेगार सापडला. लिहून द्या."

"काका," दामिनी म्हणाली, "लिहून देते. पण पूर्णच लिहावं लागेल." तिनं कपाटातून एक घडी पडलेला कागद काढला. प्रश्नावलीचा पहिला मसुदा. छापील प्रश्न होता: 'तुमच्या गावात कोशिंबाचं झाड आहे का?' 'कोशिंबाचं झाड' यावर आडवी रेघ, आणि वर निळ्या शाईत, वळणदार, जुन्या शाळेतलं अक्षर:

'कोशिंब पुस्तकी शब्द. खेड्यात कोणी ओळखणार नाही. नुसतं कुसुम लिहा. झाड म्हणायची गरज नाही. — वा. डाखोळे'

"मी तुमचं नाव कुठेच घेतलं नव्हतं," ती म्हणाली. "शाल मीच घातली होती ना तुम्हाला."

७

दोन दिवस वामनराव घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या सकाळी त्यांनी हर्षितकडून आणलेला तक्ता पुन्हा काढला. खोडावर वर्षानुवर्षं वाकलेल्या माणसाला शेवटचं वलय मोजल्याशिवाय उठता येत नाही. तीनशे अकरा नोंदींना माप होतं. एका नोंदीला नव्हतं.

दोनशे सातवी. गाव नेरघाट, कामठीच्या पुढे, कन्हानकाठी. साइज: कोरी. शेरा: 'एकच. जुनी. वाकलेली पण उभी. नदीकाठी.'

नदीकाठी. वावरात नव्हे. वामनरावांनी लगेच जिजाबाईंना फोन लावला.

"वं जिजाबाई, एक आहे! एक तरी आहे! जुडी घेऊन थेट कामठीले या."

तो आठवा दिवस होता. शेअर ऑटोत दोघं कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बसले. गार वारं होतं. वामनरावांनी सत्काराची शाल पिशवीतून काढली आणि फडक्यावरून जुडीला गुंडाळली. ती त्यांनी परत अंगावर घेतली नसतीच.

"निघाले का?" त्यांनी विचारलं.

"निघून राहिले," जिजाबाई म्हणाल्या. "आज दिवस मावळेपर्यंत लावलं तं जमन."

"एका झाडावर एवढं बी मावन का?"

"एका झाडावरूनच माह्या सासूनं सुरू केलं होतं जी."

नेरघाटच्या पानठेल्यावर वामनरावांनी विचारलं, "गा भाऊ, इथी कुसुम आहे ना? नदीकाठची?"

"जुनी?"

"हो, जुनी!"

"वाकलेली?"

"हो गा, हो!"

"सरळ जा. शेवटचं घर. बाहेरच असन."

शेवटची शंभर पावलं वामनराव एकाहत्तराव्या वर्षी पळाले. घाटाच्या अलीकडे एक मातीचं घर होतं. पुढे तुळस. तुळशीपलीकडे नदीपर्यंत नुसती रेती. झाड नव्हतं. खोडही नव्हतं. दारात काठीवर दोन्ही हात टेकून एक म्हातारी उभी होती, कमरेत वाकलेली, नव्वदीला टेकलेली.

"आले का बापा?" ती म्हणाली.

"आजी," वामनरावांना दम लागला होता, "कुसुम..."

"मीच. कुसुमताई म्हणतेत मले. फोन आला होता ना तुमचा. पोरीनं विचारलं, कुसुम आहे का? म्या म्हटलं, आहे ना वं, जाईन कुठी. किती आहे? म्हटलं, एकटीच आहे. कशी आहे? म्हटलं, वाकली, पण उभी आहे. मंग तिनं ठेवून देल्ला." तिनं दोघांकडे डोळे बारीक करून पाहिलं. "आठ महिने झाले. म्या म्हटलं, विचारलं म्हणजे येतीन कोणी. रोज बाहेर उभी राहते. काहून इतका उशीर केला?"

जिजाबाई तुळशीच्या ओट्यावर बसल्या. त्यांनी जुडी मांडीवर घेतली आणि शाल उघडली, सावकाश, झोपलेल्याला जाग येऊ नये तशी.

किडे निघाले होते. भोकाभोकातून, लाल, राजगिऱ्याहून बारीक, हजारोंनी. काडीच्या टोकापर्यंत जात होते आणि पुढे काही नाही म्हणून वळत होते. शालीवर उतरत होते, जरीवरून चालत होते, जिजाबाईंच्या बोटांवर चढत होते. सगळी शाल लाल झाली होती.

म्हातारी जवळ आली. वाकलेलीच होती, तिला आणखी वाकावं लागलं नाही.

"हे काय वं बाई," ती म्हणाली, "कुंकू सांडलं काय?"

जिजाबाईंनी बोटं झटकली नाहीत.

"हो आजी," त्या म्हणाल्या. "सांडलं."

कुसुमताई पाहुण्यांसाठी चहा ठेवायला आत गेल्या. वामनराव उंबऱ्यावर बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी खिशातून तक्ता काढला, निळ्या शाईचं पेन काढलं, दोनशे सातव्या नोंदीशी आले, आणि वळणदार, जुन्या शाळेतल्या अक्षरात लिहिलं:

'जागेवर जाऊन पाहिले. आहे.'